केमिस्ट्रीला पाण्यात पाहता? चला, पाण्यातच पाहू!

मॅथ्स सोडलं, बायो घेतलं, पण केमिस्ट्री काही पाठ सोडेना! पीसीबी ग्रुपमधल्या निम्म्या वर्गाची ही कायमची तक्रार. पण दोस्तांनो, बायोलॉजीच्या पुस्तकातलं कुठलंही पान उघडा. पेशी, रक्त, पचन, डीएनए... प्रत्येक पानावर तीच बसलेली दिसेल. बंध, पीएच, मोल, आयसोटोप अशा चार-सहा कल्पना पक्क्या झाल्या की अर्धं बायो आपोआप उलगडतं. पटत नाही? मग घ्या, एकेक नमुना!

सुरुवात तुमच्यापासूनच. तुमच्या शरीरातले सगळे अणू मोजायला घेतले, तर दहातले सहा हायड्रोजनचे निघतील. पण वजनकाट्यावर बाजी मारतो ऑक्सिजन, तब्बल ६५ टक्के! हायड्रोजनच्या वाट्याला जेमतेम १०.

आणि माहीत आहे का, या हायड्रोजनचं वय किती? त्याचे अणुगर्भ महास्फोटानंतर लगेचच तयार झाले. म्हणजे सुमारे १,३८० कोटी वर्षं! पुढच्या वाढदिवसाला केकवर मेणबत्त्या किती लावायच्या, ते घरच्यांशी बोलून ठरवा.

आता पाणी. सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड आठवतो? त्याचा रेणू पाण्याच्या रेणूच्या जवळजवळ दुप्पट जड. जड रेणू उकळायला जास्त तापवावा लागतो, हा साधा हिशेब. पण हा पठ्ठ्या उणे ६० अंशांनाच उकळतो आणि हलकंफुलकं पाणी १०० अंशांपर्यंत तग धरतं! ही सगळी हायड्रोजन बंधाची करामत. पाण्याचे रेणू एकमेकांना सोडायला तयारच नसतात. हा बंध नसता तर ना समुद्र असता, ना रक्त, ना बारावीची बोर्डाची परीक्षा.

बर्फ पाण्यावर तरंगतो. रोज बघतो म्हणून नवल वाटत नाही, पण बहुतेक पदार्थ गोठले की आकसतात आणि बुडतात. पाणी मात्र गोठताना फुगतं. म्हणून थंड देशांतल्या तळ्यांवर बर्फाचं झाकण असतं आणि तळाशी ४ अंशांच्या पाण्यात मासे मजेत असतात.

थांबा, ट्विस्ट आहे! बुडणारा बर्फही असतो. साध्या हायड्रोजनच्या जागी त्याचा जाडजूड भाऊ ड्यूटेरियम बसवला की होतं ‘जड पाणी’. त्याचा बर्फ साध्या पाण्याच्या ग्लासात टाका, थेट तळ गाठतो! शिवाय २०२१ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की जड पाणी माणसाच्या जिभेला किंचित गोड लागतं. उंदरांना मात्र ही गोडी कळत नाही. आपल्याकडे अलिबागजवळ थळला जड पाण्याचा कारखाना आहे. हे पाणी जातं अणुभट्ट्यांना, सरबताला नव्हे!

मिठाला जागा!

सोडियम म्हणजे पाण्यात पडताच पेट घेणारा धातू. क्लोरीन म्हणजे २२ एप्रिल १९१५ रोजी पहिल्या महायुद्धात ईप्रच्या आघाडीवर सोडलेला विषारी वायू. एक आगलाव्या, एक जीवघेणा. दोघांची गाठ पडली की होतं काय? आमटीत घालायचं मीठ! सोडियमने एक इलेक्ट्रॉन दिला, क्लोरीनने घेतला, दोघेही शांत. आयनिक बंध म्हणतात तो हाच.

हाच सोडियम आयन तुमच्या डोक्यात आत्ता धावपळ करतोय. तुमच्या प्रत्येक पेशीच्या पटलात बसलेला पंप तीन सोडियम बाहेर ढकलतो आणि दोन पोटॅशियम आत ओढतो. मेंदूला मिळणाऱ्या ऊर्जेचा मोठा हिस्सा या पंपांवरच खर्च होतो. जेन्स स्कोऊ या डॅनिश शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये हा पंप पकडला, तोही कुठे? खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंत! १९९७ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यांना त्याबद्दलच मिळालं. पुढच्या वेळी खेकड्याचा रस्सा भुरकताना एक सलाम तर बनतोच.

पाल भिंतीला चिकटते कशी, अशी शंकेची पाल कधी चुकचुकली आहे मनात? तिच्या पायांना डिंक नाही, हवा ओढणारी वाटी नाही. बोटांखाली लाखो सूक्ष्म केस आहेत आणि प्रत्येक केसाची टोकं पुन्हा शेकडो फाट्यांत विभागलेली. ही टोकं भिंतीच्या इतकी जवळ जातात की व्हॅन डर वाल्स बल कामाला लागतं. पुस्तकात ‘सर्वांत दुबळं’ म्हणून ज्याची एका ओळीत बोळवण होते, तेच हे बल! केलर ऑटम आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये पालीच्याच जातभाईंवर, गेको सरड्यांवर, प्रयोग करून त्याचा पुरावा दिला. हे बल जिथे फारच कमी पडतं अशी एक जागा म्हणजे कोरडं टेफ्लॉन. तिथे गेको घसरतो.

बंधांचं प्रॅक्टिकल बघायचंय? पार्लरमध्ये जा! स्ट्रेटनरच्या गरम पट्ट्या केसांच्या केराटिनमधले हायड्रोजन बंध मोडतात आणि केस सरळ होतात. पावसाची एक सर आली की ते बंध पुन्हा जुळतात आणि कुरळेपणा परत! कायमचं सरळ हवं तर गंधकाच्या दोन अणूंमधला डायसल्फाइड बंध तोडावा लागतो. रिबाँडिंगमध्ये तेच करतात. नावातच बाँड आहे, जेम्स नसला म्हणून काय झालं! आणि केस जळल्यावर येणारा तो नकोसा वास? तो याच गंधकाचा प्रताप.

पीएचडी नंतर, आधी पीएच!

माहीत आहे का, पीएच ही मोजपट्टी बिअरच्या कारखान्यातून आली? कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कंपनीने स्वतःची प्रयोगशाळा काढली होती. तिथे विकरं आणि प्रथिनांवर काम करताना सोरेन सोरेनसेन आम्लतेचे ते लांबलचक दशांश आकडे लिहून कंटाळले आणि १९०९ मध्ये त्यांनी सुटसुटीत पीएच मांडला. आज रक्तापासून शेतातल्या मातीपर्यंत सगळ्यांना तो लागतो.

पण या पट्टीत एक गंमत दडली आहे. एक घर सरकलं की फरक दहापट! जठरातला पीएच २ धरा, रक्तातला ७.४. दिसायला फरक साडेपाच घरांचाही नाही, प्रत्यक्षात हायड्रोजन आयनांचं प्रमाण अडीच लाख पटीने वेगळं. आणि रक्त तर इतकं काटेकोर की ७.३५ ते ७.४५ या चिंचोळ्या पट्ट्याबाहेर जरा सरकलं तरी डॉक्टर गंभीर होतात. बायकार्बोनेटचा बफर रात्रंदिवस पहारा देतो म्हणून लिंबू सरबत प्यायलं तरी रक्त आंबट होत नाही.

लिटमस पेपर नाही? हरकत नाही, देवघरात जा. पारंपरिक कुंकू म्हणजे हळदीची केमिस्ट्री! पिवळ्या हळदीला चुन्याची अल्कली भेटली की कुरकुमीनचा रेणू रंग बदलून लाल होतो. शर्टवर वरणाचा डाग पडला आणि साबण लावताच तो लाल झाला, हे प्रत्येक घरात घडलं आहे. त्यावर लिंबू पिळा, पुन्हा पिवळा! ज्या घरात हळद आहे त्या घरात इंडिकेटर आहेच. शाळेतल्या प्रत्येक मुलाने हा प्रयोग एकदा तरी करावा, असं मला मनापासून वाटतं.

दही लागतं म्हणजे नेमकं काय होतं? ताज्या दुधाचा पीएच असतो ६.६ च्या आसपास. विरजणातले जिवाणू लॅक्टिक आम्ल सोडतात, आकडा घसरत घसरत ४.६ पर्यंत येतो आणि त्या क्षणी केसीन या प्रथिनावरचे धन आणि ऋण प्रभार बरोबरीत सुटतात. एकमेकांना दूर ढकलणारे कण आता एकमेकांना बिलगतात. झालं घट्ट दही! पुस्तकात याला ‘आयसोइलेक्ट्रिक पॉइंट’ म्हणतात. तो आपल्या घरी झाकणीखाली रोज रात्री गाठला जातो.

आणि आता थेट बुलढाणा! लोणारच्या उल्काविवरातलं पाणी इतकं अल्कधर्मी की पीएच १० च्या घरात. जून २०२० मध्ये हे तळं एकाएकी गुलाबी झालं आणि देशभर फोटो फिरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. कुणी रंग सांडला नव्हता! खारट पाण्यात मजेत राहणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव वाढले होते आणि त्यांच्या अंगात गुलाबी कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं असतात. शिवडीच्या आणि ठाण्याच्या खाडीत उतरणाऱ्या फ्लेमिंगोंचा गुलाबी रंगही कॅरोटिनॉइडांचाच, फक्त तो त्यांना खाण्यातून मिळतो.

निसर्गही डावं-उजवं करतो

चिंचेचा आंबटपणा कुणाचा? मुख्यतः टार्टारिक आम्लाचा. याच आम्लाच्या क्षाराने १८४८ मध्ये इतिहास घडवला.

लुई पाश्चर तेव्हा अवघे २५ वर्षांचे. त्यांनी भिंगाखाली स्फटिक पाहिले तर दोन प्रकार दिसले. एकाचा आकार दुसऱ्याच्या आरशातल्या प्रतिमेसारखा, जशी डाव्या-उजव्या पायाची चप्पल. पाश्चर यांनी चिमट्याने एकेक स्फटिक उचलून दोन ढीग केले, ते पाण्यात विरघळवले आणि ध्रुवित प्रकाश सोडला. एका द्रावणाने प्रकाश डावीकडे वळवला, दुसऱ्याने उजवीकडे! रेणूंनाही डावं-उजवं असतं, हे जगाला तेव्हा कळलं.

यात नशिबाचा वाटा किती, माहीत आहे का? त्या क्षाराचे असे वेगवेगळे स्फटिक साधारण २७-२८ अंशांच्या खालीच मिळतात. पाश्चर पॅरिसच्या गारव्यात होते म्हणून जमलं. मे महिन्यातल्या मुंबईत हा प्रयोग साफ फसला असता!

आता नाकाची परीक्षा. बाळंतशेपा आणि पुदिना हुंगून बघा. काही साम्य? शून्य! पण दोन्हींच्या सुगंधी तेलात कार्व्होन हाच रेणू आहे. शेपात त्याचं एक रूप, पुदिन्यात त्याचं आरशातलं रूप. अणू तेच, बंध तेच, फक्त मांडणी उलटी. नाकातले ग्राहीही डावे-उजवे असतात, म्हणून शेपूची भाजी बघून तोंड वाकडं करणारी पोरं पुदिन्याच्या चटणीवर मात्र ताव मारतात.

आपली प्रथिनं बनतात डाव्या अमिनो आम्लांपासून. पण जिवाणू आपल्या भिंतीत उजवं ॲलनीनही वापरतात. पेनिसिलिन नेमकं त्या उजव्या ॲलनीनच्या जोडीचं सोंग घेऊन भिंत बांधणाऱ्या विकराला फसवतं. आपल्या पेशींना तशी भिंतच नाही, त्यामुळे आपण सुखरूप. केवढी सुंदर चाल!

युरियाचं तीन अंकी नाटक

अंक पहिला, १८२८. सजीवांतले पदार्थ बनवायला ‘जीवनशक्ती’च लागते, असा तेव्हाचा पक्का समज. फ्रीडरिश व्होलर बर्लिनमध्ये अमोनियम सायनेट बनवायला गेले आणि भांड्यात तयार झाला युरिया! आपल्याला युरिया करायला मूत्रपिंड लागलं नाही, ना माणसाचं ना कुत्र्याचं, असं त्यांनी आपले गुरू बर्झेलियस यांना आनंदाने कळवलं.

अंक दुसरा, १९२६. जेम्स सम्नर यांनी १७ व्या वर्षी शिकारीतल्या अपघातात डावा हात गमावला होता, आणि ते होते डावखुरे! एका हाताच्या माणसाने प्रयोगशाळेत जाऊ नये, असा सल्ला त्यांना मिळाला. सम्नर ऐकतात कसले! वर्षानुवर्षं चिकाटीने काम करून त्यांनी जॅक बीन या शेंगेतून युरिएज विकराचे स्फटिक काढले. विकराचे स्फटिक मिळाले ते जगात पहिल्यांदाच! विकर हे प्रथिन असतं, हे त्यांचं म्हणणं मोठमोठ्यांनी नाकारलं. पण १९४६ चं नोबेल शेवटी त्यांच्याच त्या एका हातात पडलं. केमिस्ट्रीच्या इतिहासातला माझा सर्वांत लाडका माणूस हाच.

अंक तिसरा, १९८४. जठराच्या आम्लात जिवाणू जगूच शकत नाही, असं सगळे म्हणत होते. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी काय करावं? हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूंनी भरलेलं मिश्रण सरळ पिऊन टाकलं! थोड्याच दिवसांत जठराला सूज. २००५ मध्ये रॉबिन वॉरन यांच्यासोबत नोबेल. हा जिवाणू आम्लात तगतो कसा? सम्नर यांच्याच युरिएजने! युरिया फोडून अमोनिया बनवतो आणि स्वतःभोवतीचं आम्ल मारून टाकतो.

पडदा पडण्याआधी एक वास. बसस्टँडच्या मुतारीत नाकाला झोंबतो तोच हा अमोनिया. ताज्या लघवीला तो वास नसतो. बाहेरच्या जिवाणूंचं युरिएज कामाला लागलं की दरवळ सुरू!

लघवीचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक. १६६९ मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांट यांनी लघवी आटवून आटवून सोनं काढायचा घाट घातला. सोनं नाही मिळालं, मिळाला अंधारात चमकणारा फॉस्फरस! पुढे दोनशे वर्षांनी, १८६९ मध्ये, फ्रीडरिश मीशर यांनी जखमांच्या पट्ट्यांवरचा पू धुऊन त्यातल्या पेशींमधून एक नवाच पदार्थ काढला. त्यातही फॉस्फरस भरलेला. तो पदार्थ कोणता? आपला डीएनए!

हे खरं रक्ताचं नातं

पान आणि रक्त यांचं नातं माहीत आहे का? पानातलं क्लोरोफिल आणि रक्तातलं हीम, दोघांचा सांगाडा एकाच घराण्यातला. मधोमध मॅग्नेशियम बसलं की हिरवं, लोह बसलं की लाल. आणि खेकडा, कोळंबी यांच्या रक्तात ऑक्सिजन वाहतं तांबं. म्हणून ऑक्सिजन मिळाल्यावर त्यांचं रक्त निळसर दिसतं. राजघराणं नसूनही निळ्या रक्ताचे!

भुईमुगाचं रोप उपटलंत तर मुळांवरच्या गाठी जरूर कापून बघा. निरोगी गाठ आतून गुलाबी दिसते. तिथे असतं लेगहिमोग्लोबिन, वनस्पतीच्या घरचं हिमोग्लोबिन! नायट्रोजन पकडणाऱ्या विकराला ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून हे लाल प्रथिन ऑक्सिजनवर लगाम ठेवतं.

आता जरा गंभीर. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने घट्ट चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद बाथरूममधला गॅस गीझर म्हणून धोकादायक. खिडकी उघडी ठेवा, आजच घरी सगळ्यांना सांगा.

लोहाचाच आणखी एक शिलेदार म्हणजे सायटोक्रोम सी. वनस्पतींच्या पेशीतही तो असतो, हे कुणी दाखवलं? आपल्या कमला सोहोनी यांनी! आधीच्या कमला भागवत. १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी केवळ बाई म्हणून प्रवेश नाकारला, तेव्हा त्या अडून बसल्या. अटी घालून का होईना, प्रवेश मिळवला आणि कामाने रामन यांचं मत बदललं. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना सायटोक्रोम सी सापडलं. १९३९ मध्ये पीएचडी, आणि प्रबंध जेमतेम ४० पानांचा! मुंबईत परतल्यावर त्यांनी नीरेतल्या पोषकद्रव्यांवर संशोधन केलं. आणि माहीत आहे का, या कमलाबाई म्हणजे ‘ऋतुचक्र’कार दुर्गा भागवत यांच्या सख्ख्या बहीण! एका घरात दोन वाघिणी.

सायटोक्रोम सी चा डबल रोल ऐकलात? मायटोकॉन्ड्रियात असेपर्यंत तो श्वसन चालवतो. तिथून बाहेर गळला की पेशीला मरणाचा हुकूम सुटतो!

अनमोल मोल

१८ ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल. एक छोटासा घोट. त्यात रेणू किती? ६०२ वर २१ शून्यं! २० मे २०१९ पासून हा आकडा कायमचा पक्का ठरवून टाकलेला आहे. गंमत म्हणजे आमेदेओ ॲव्होगाड्रो यांनी स्वतः हा आकडा कधी काढलाच नाही. शिक्षणाने ते वकील! जाँ पेराँ यांनी १९०९ मध्ये त्यांच्या सन्मानार्थ हे नाव सुचवलं.

आकड्याचा आवाका बघायचाय? जगातल्या सगळ्या समुद्रांत मिळून जितके ग्लास पाणी आहे, त्याच्या हजारपटीहून जास्त रेणू तुमच्या हातातल्या एका ग्लासात आहेत. पाण्यातले हायड्रोजन सतत जोडीदार बदलतात, म्हणून आपण ऑक्सिजनचे अणू मोजू. शिवाजी महाराजांनी रायगडावर प्यायलेल्या एका पेल्यातलं पाणी आजवर जगभर नीट मिसळलं असं धरलं, तर त्यातले हजारभर ऑक्सिजन अणू आत्ता तुमच्या ग्लासात आहेत. प्या सावकाश!

चरबीची हवा

जिममध्ये १० किलो चरबी घटवली. गेली कुठे? घामात? उष्णतेत? चुकलात! ८.४ किलो तुम्ही नाकातोंडावाटे सोडली, कार्बन डायऑक्साइड म्हणून. उरलेली १.६ किलो झाली पाणी. रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राऊन यांनी २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा हिशेब मांडला. त्यांनी डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि फिटनेस ट्रेनर यांना हाच प्रश्न विचारला होता आणि बहुतेकांचं उत्तर चुकलं!

झाडाचं नेमकं उलट. व्हॅन हेल्मॉन्ट यांनी सतराव्या शतकात कुंडीत विलोचं रोप लावलं, पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड दीडशेहून जास्त पौंडांनी वाढलं, माती कमी झाली अवघी दोन औंस. त्यांनी निष्कर्ष काढला की झाड पाण्याचं बनतं. खरं तर त्यातला कार्बन आला होता हवेतून, आणि ‘गॅस’ हे नाव जगाला देणारे शास्त्रज्ञ हेच!

मग झाड सोडतं तो ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधला, बरोबर? चूक! तो पाण्यातला. १९४१ मध्ये रूबेन आणि कामेन यांनी ऑक्सिजन-१८ हा जड आयसोटोप वापरून ते सिद्ध केलं. एमसीक्यूमध्ये इथे हमखास विकेट पडते, सांभाळा.

आयसोटोपचाच दुसरा पराक्रम. आनुवंशिक माहिती प्रथिनात असते की डीएनएमध्ये? १९५२ मध्ये हर्शी आणि मार्था चेस यांनी जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंच्या प्रथिनाला किरणोत्सारी गंधक लावला, डीएनएला किरणोत्सारी फॉस्फरस, आणि विषाणूंची रिकामी टरफलं जिवाणूंपासून सुटी करायला वापरला चक्क स्वयंपाकघरातला मिक्सर! निकाल डीएनएच्या बाजूने.

स्वयंपाकघरावरून आठवल्या ॲग्नेस पॉकेल्स. जर्मनीतल्या या तरुणीला मुलगी म्हणून विद्यापीठाचं दार बंद होतं. घरची भांडी घासताना तेलकट पाण्याचं वागणं बघून तिने पत्र्याचं पसरट भांडं आणि बटण घेऊन पृष्ठताण मोजायचं साधन बनवलं. लॉर्ड रॅली यांना पत्र लिहिलं आणि त्यांनी ते १८९१ मध्ये ‘नेचर’मध्ये छापवून आणलं. पाण्यावरचा तेलाचा एक रेणू जाडीचा थर मोजण्याचा रस्ता तिथून मोकळा झाला. पुढे १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी त्याच वाटेने जाऊन सांगितलं की पेशीपटल मेदाच्या दोन थरांचं असतं. त्यांच्या मोजमापात दोन चुका होत्या, पण त्या विरुद्ध दिशेच्या! एकीने दुसरी कापली आणि उत्तर अचूक आलं.

आता फटाफट!

ठेचा झोंबला? पाणी पिऊ नका, कॅप्सेसिन पाण्यात विरघळतच नाही. दूध, दही घ्या. पोपट मात्र मिरच्या खुशाल खातो, पक्ष्यांचा ग्राही कॅप्सेसिनला दाद देत नाही.

लासलगावचा कांदा रडवतो तो चिरल्यावरच, कारण अख्ख्या कांद्यात विकर आणि त्याचं भक्ष्य वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. चिरण्याआधी कांदा फ्रिजमध्ये ठेवा, विकराचा वेग मंदावतो. हे अश्रूकारी विकर शोधणाऱ्या जपानी संशोधकांना २०१३ मध्ये गमतीदार संशोधनासाठीचं इग नोबेल मिळालं!

मीठ लावलेल्या कैरीला पाणी सुटतं? तेच ऑस्मोसिस! सलाइनमध्ये मीठ बरोबर ०.९ टक्के असतं, म्हणून लाल पेशी ना फुगतात ना सुकतात. रक्ताशी जुळणारं हे प्रमाण शोधणाऱ्या डच शास्त्रज्ञाचं आडनाव हॅम्बर्गर!

उकडलेलं अंडं पुन्हा कच्चं होईल? अख्खं नाही, पण त्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन पुन्हा पहिल्यासारखं घडी करून दाखवलं आहे. २०१५ चं इग नोबेल.

एटीपी शरीरात एका वेळी पाव किलोही नसतं. पण ते इतक्यांदा मोडतं आणि जुळतं की दिवसभरात जवळजवळ तुमच्या वजनाइतकं बनतं! १९२९ मध्ये हा रेणू शोधणाऱ्यांत भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. आणि तो जुळवणारं विकर सेकंदाला शंभराहून जास्त गिरक्या घेतं. अगदी खरोखरची फिरती मोटर!

पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याला, पुरुषवाडीला काजवे बघायला जाता ना? तो प्रकाशही एटीपीवर चालतो. विल्यम मॅकेल्रॉय यांनी १९४७ मध्ये हे सिद्ध केलं. काजवे गोळा करायला त्यांनी बाल्टिमोरच्या पोरांना पैसे दिले होते! आज तेच काजव्याचं रसायन अन्नकारखान्यांत स्वच्छता तपासायला वापरतात. थेंब टाकला आणि उजेड पडला, तर तिथे जिवाणू किंवा अन्नाचा अंश शिल्लक आहे.

आणि हा रेकॉर्ड! तुमच्या स्नायूंतलं टायटिन हे माणसाच्या शरीरातलं सर्वांत अगडबंब प्रथिन. त्याचं पूर्ण रासायनिक नाव ‘मिथायोनिल...’ असं सुरू होतं, ‘...आयसोल्युसीन’ने संपतं आणि मधे-आजूबाजूला मिळून भरतात १,८९,८१९ इंग्रजी अक्षरं. एका दमात सोडा, एका सिनेमाच्या वेळातही म्हणून होत नाही. व्हायव्हात विचारलं तर ‘टायटिन’ म्हणा आणि पुढच्या रोल नंबरला बोलवा!